न बोलता घ्यायचं औषध

आत्याबाईंनी मीठ सोडलं आणि माझं डोकं चालू झालं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. भाकरीवर खर्डा घ्यायचा, वर कांद्याला मीठ चोळून तो कचाकचा खायचा, अशी ही बाई. ती सोलापूरच्या भाड्याच्या खोलीत बसून एकाएकी आळणी दूधभात मागायला लागली. मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, "तोंडाला चव न्हाय." तोंडाला चव नसलेलं माणूस मीठ जास्त मागेल की कमी, एवढं मला कळत होतं. पण आत्याबाईंनी एकदा ओठ मिटले की ते उघडायला मुहूर्त लागायचा.

माहेरी मला भोचक म्हणायचे, सासरी चौकस म्हणत. सासरची माणसं जरा सभ्य होती, एवढाच फरक. कुठंही नाक खुपसायचं, एक गोष्ट दहांदा विचारायची, ही माझी खोड. तिनं मला आयुष्यात बरंच सोसायला लावलं, पण आत्याबाईंची गाठ त्या खोडीमुळंच कळली. त्या डाव्या हातानं घागर उचलेनाशा झाल्या. हात का आखडला, विचारलं. काही नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी वैतागून त्यांनी माझा हात धरला आणि चोळीवरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत सुपारीहून मोठं, खड्यासारखं काहीतरी होतं. ते हलत नव्हतं.

लढाईचे दिवस होते, तिकडं जगात बॉम्ब पडत होते, आणि आमच्याकडं निजामाचं राज्य. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात. माझे यजमान उस्मानाबादेला कचेरीत कारकून. त्यांना रजा मिळायची म्हणजे उर्दूत तीन अर्ज आणि तरी नाहीच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि इलाज इथं नाही म्हणाले. सोलापुरात गाठीवर किरण सोडायचं विजेचं यंत्र आहे, तिकडं न्या. सोलापूर इंग्रजांचं, आमच्यापासून दिवसाच्या आतल्या वाटेवर, पण मधे सरहद्द. यजमान एकदा येऊन खोली बघून देतील आणि पुढं मीच आत्याबाईंबरोबर राहीन, असं ठरलं. मी तेव्हा वीस-बावीसची असेन.

निघायच्या आधीच्या रविवारी आत्याबाईंनी गाडी जुंपायला लावली. अणदूरच्या पुढं एका वाडीवर म्हातारे मुसलमान शेतकरी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते गाठीवर झाडपाल्याचं औषध द्यायचे. कुणाकडून पैसा घेत नसत. त्यांच्या औषधाचा नियम एकच, आणि तो आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक: देणाऱ्यानं काय दिलं ते सांगायचं नाही, घेणाऱ्यानं काय घेतलं ते सांगायचं नाही. सकाळी तोंड न उघडता घ्यायचं. कुणाला सांगितलं की गुण गेला. म्हणून मी बरोबर असून मला आत जाता आलं नाही. बैलांजवळ बसून मी धुसफुसत राहिले. आत्याबाई आल्या त्या ओच्यात काहीतरी लपवून, आणि घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

ते काहीतरी मी पहिल्यांदा पाहिलं ते सरहद्दीवरच्या नाक्यावर. कोळशावर चालणारी मोटार थांबली, करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, दारोगा आमची गाठोडी सोडायला लागले. कापडं, तांदूळ, चटणीचा डबा, आणि आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक छोटी बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं.

"इसमें क्या है?"

आत्याबाई गप्प. दारोगांनी पुन्हा विचारलं. त्या समोरच्या झाडाकडं बघत उभ्या. दारोगांचा आवाज चढला, "अफू तो नहीं?" माझे यजमान काही बोलायला गेले तर आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पण गप्प झाले. दारोगांनी फडकं सोडलं. आत काळ्या गोळ्या, तुपात बुडवलेल्या. मी मान लांब करून वास घ्यायला गेले, पण तुपाखेरीज काही कळलं नाही. तेवढ्यात त्यांचा शिपाई म्हणाला, "साहेब, झाडपाल्याचं हाय वाटतं. बोलायचं नसतंय त्यात." दारोगांचा चेहराच बदलला. त्यांनी स्वतःच्या हातानं फडकं पुन्हा घट्ट बांधलं, बरणी लुगड्यात होती तशी गुंडाळली आणि म्हणाले, "माफ करना, अम्मा." निजामाची करोडगिरी मागं सरली. मला मात्र सोलापूर येईपर्यंत एकच विचार, कसल्या गोळ्या असतील?

दवाखान्यातले डॉक्टर उतारवयाचे होते, कमी बोलायचे. त्यांनी गाठ तपासली आणि मला आणि यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, "गाठ बरगडीला धरून बसली आहे. आज कापता येणार नाही. वीज देऊन ती सैल करायची. सैल झाली की कापू."

"आणि न्हाई झाली तर?"

ते टेबलावरचे कागद सारखे करत बसले. मी तिथून हलले नाही. मग म्हणाले, "तर काही महिने."

त्यांनी आत्याबाईंना नाव, गाव, वय विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का? देशी, गावठी, काहीही?" आत्याबाईंनी टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. असा काढला की पुढं चार दिवस वण होता. आणि मी, जगाला प्रश्न विचारत हिंडणारी मी, डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नाला म्हणाले, "न्हाई." यजमानही तिथंच होते, तेही खाली बघत राहिले. आम्हाला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. देवाला नवस बोललो आहोत का, असं डॉक्टर विचारत नाहीत, तसंच हेही, असं वाटलं.

वीज सुरू झाली. छातीवर जांभळ्या शाईनं एक चौकोन काढला. तो धुवायचा नाही, पुसायचा नाही. मला आत सोडत नसत. दारापलीकडून नुसती घरघर ऐकू यायची. पहिल्या दिवशी आत्याबाई बाहेर आल्या तशी मी त्यांच्यावर झडप घातली. काय झालं? कसं वाटलं? भाजतं का?

"काय बी न्हाय. गरम न्हाय का गार न्हाय. वरनं एक डोळा टक लावून बघतुया, तेवढंच."

मला पटेना. काहीच जाणवत नाही तर गाठीला कसं कळणार की आपण सैल व्हायचं? मी हे परिचारिकेला विचारलं, तिनं मला डॉक्टरांना विचार म्हटलं, डॉक्टरांनी हसून, "तेच आम्हीही अजून शिकतोय" असं सांगितलं. त्या उत्तरानं मला ते एकदम आवडायला लागले.

बारा-तेरा दिवस झाले असतील. चौकोनात फोड आले. नुसती लाली नाही, पाण्यानं भरलेले टचटचीत फोड. परिचारिका आत्याबाईंचा पदर फक्त चौकोनापुरता बाजूला करायची आणि लगेच झाकायची. आत्याबाई तेवढंच करू देत. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि भुवया आक्रसल्या. "यांची कातडी सोसत नाहीय. आज वीज नको. तीन दिवस पाहू. असंच राहिलं तर बंद करावं लागेल."

"गाठ?" मी विचारलं.

"गाठ अजून आहे तिथंच आहे."

बाहेर बाकावर बार्शीकडच्या एक बाई बसायच्या. त्यांनाही तिथंच गाठ, तीच वीज, आणि आत्याबाईंच्या दीडपट दिवस झालेले. त्यांची कातडी नुसती भाजल्या वांग्यासारखी काळवंडली होती. फोड एक नाही. वयानं आत्याबाईंहून मोठ्या, अंगानं काटकुळ्या. मग आत्याबाईंच्याच कातडीनं का हार खावी? चार घागरी पाणी एका दमात आणलेली बाई ती. हा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागला तो काही केल्या थांबेना.

खोलीवर येऊन मी आत्याबाईंकडं नीट बघायला लागले. मीठ तर त्यांनी कधीच सोडलं होतं. चूल पेटली की भिंतीकडं तोंड करून लांब बसायच्या, म्हणायच्या झळ सोसवत नाही. दवाखान्यात जाताना डोक्यावरून दोन पदर आणि सावलीसावलीनं चालणं. दोनदा मला तीळ आणि सुकं खोबरं आणायला लावलं आणि तोंडात चघळत बसल्या. बोटांच्या बेचक्यात खाजवायच्या. पापण्या जड झालेल्या. मी म्हटलं, आज मी तुम्हाला न्हाऊ घालणार. नको म्हणाल्या. मी पाणी तापवलंच.

पाठीवर, मानेखाली, गुडघ्यांच्या मागं पुरळ उठलं होतं. लाल, दाट, काही ठिकाणी पाण्याचे बारीक फोड. तिथं वीज पडत नव्हती. वीज छातीवरच्या चौकोनात, आणि फोड गुडघ्यामागं?

माझ्या काकांना सांधे धरले होते तेव्हा हिवाळ्यात त्यांना असंच औषध दिलं होतं. मीठ बंद, ऊन बंद, चुलीपुढं बसणं बंद, तूप-दूध आणि तीळ-खोबरं भरपूर. तरी एकदा ते उन्हात शेतावर गेले आणि सगळं अंग पेटून उठलं. आमच्याकडं त्याला उतणं म्हणतात. औषधाचं नाव लपवता येतं, पण पथ्य कसं लपवणार? ते तर माणसाच्या ताटात दिसतं.

"आत्याबाई," मी तांब्या खाली ठेवला, "बिब्बा हाय न्हवं त्यात?"

त्यांनी ओल्या हातांनी दोन्ही कान झाकून घेतले. म्हणजे बिब्बाच.

कोडं सुटलं याचा मला आनंद झाला, तो लपवत नाही. चूल पेटायला लागतो तितका वेळही टिकला नाही तो. कारण पुढचं लगेच दिसलं. डॉक्टर त्या फोडांवरून वीज मोजत होते. फोड बघून ते वीज बंद करणार. वीज बंद झाली की गाठ सैल होणार नाही, कापता येणार नाही, आणि मग ते काही महिने. आणि मी सांगितलं तर? आत्याबाईंच्या लेखी त्यांच्या औषधाचा गुण जाणार, तो मी घालवलेला असणार. त्या गेल्या तर मीच मारलं असं त्या समजूनच जाणार. कदाचित यजमानही. कदाचित मीसुद्धा, कारण खरं सांगायचं तर चाचांच्या औषधात गुण नाही असं मला तेव्हा ठामपणे वाटत नव्हतं. आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्या झालेल्या माणसांची नावं मलाही पाठ होती.

त्या दिवशी मला धड जेवता आलं नाही. मला आत्याबाईंची भीती वाटत होती आणि त्यांच्यावाचून घरी परतायची त्याहून जास्त.

सकाळी त्या पडल्या होत्या तेव्हा मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टर अजून कोट चढवत होते.

"तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं व्हतं. मी न्हाई म्हणाले. ते खोटं व्हतं. त्या बिब्बा घेतात. रोज."

मला वाटलं ओरडतील, किंवा हसतील, गावठी माणसं म्हणून. ते खुर्चीत बसले आणि एकेक विचारत गेले. कशात घालून? किती? कधीपासून? अंगावर आणखी कुठं आलंय? मला जेवढं ठाऊक तेवढं सांगितलं. मग माझ्याबरोबर खोलीवर आले. आत्याबाईंची मनगटं, मान, गुडघ्यांमागचं पुरळ पाहिलं.

बाहेर ओट्यावर मी विचारलं, "फोड मग बिब्ब्याचेच का?"

"मला ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले. "विजेचे असतील, बिब्ब्याचे असतील, दोन्ही मिळून असतील. कातडी बघून मी पुढचं ठरवतो. तिथं दोघांनी लिहिलं तर मी कुणाचं अक्षर वाचू? तुमचं औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याबद्दल मला काहीच माहीत नाही, आणि माहीत नसलेलं विजेबरोबर नको. ते बंद करा. फोड सुकले तर वीज पुन्हा सुरू करू."

मी आत गेले. आत्याबाई उठून बसल्या होत्या.

"तू सांगितलंस."

"व्हय."

"म्या एक दिस सांगितलं न्हाय. लेकाला सांगितलं न्हाय." त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. "आता काय राहिलं त्यात? माती."

मी वाद घालायच्या तयारीनं उभी होते. शब्द जुळवून ठेवले होते. ते लागलेच नाहीत. त्या उठल्या, बरणी काढली, अंगणातल्या लिंबाखाली उकिडव्या बसून खड्डा केला आणि गोळ्या पुरून टाकल्या. गुण गेलेलं औषध घेण्यात त्यांना अर्थ वाटेना. ज्या समजुतीनं त्यांनी डॉक्टरांपासून ते लपवलं होतं, त्याच समजुतीनं ते एका घटकेत सुटलं. दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी नुसतं मिठाकडं बोट केलं. मी वाढलं.

त्या माझ्याशी नऊ दिवस बोलल्या नाहीत. काम असेल तर भिंतीला सांगायच्या. "कुणी पाणी दिलं तर बरं व्हईल," असं. मी भिंतीच्या वतीनं पाणी द्यायची. गुडघ्यामागचं पुरळ आधी गेलं, मग मानेवरचं. चौकोनातले फोड सावकाश बसले, खपल्या धरल्या. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, चला. वीज पुन्हा सुरू झाली. या खेपेला कातडी काळवंडली, बार्शीच्या बाईंसारखी, पण फुटली नाही. आणि एके दिवशी तपासताना डॉक्टरांनी गाठ बोटांत धरली आणि ती हलली. मी दारातून पाहिलं. हलली. वैशाखात त्यांनी ती कापून काढली.

गावी आल्यावर आत्याबाईंनी आधी चाचांकडं जायचं काढलं. मला राग आला. डॉक्टरांनी बरं केलं आणि नारळ चाचांना? पण बरं झालेल्या माणसानं नारळ घेऊन जायची रीतच होती. या वेळी मी बैलांजवळ बसले नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं, आता मला कोण अडवणार.

चाचा बाभळीखाली दोर वळत होते. नारळ हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पुरा लिया?"

आत्याबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "न्हाय. मधीच सुटलं. हिनं डाक्तरला सांगितलं."

मी चाचांच्या रागाची वाट पाहत होते. त्यांनी दोर बाजूला ठेवला आणि मला समोर बसायला सांगितलं. वीज कशी असते? अंगाला कळते का? फोड कुठं आले, आधी कुठं गेले? माझ्यासारखंच, एकामागून एक. मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला प्रश्न विचारून दमवलं.

"म्या ऊन आन् आग बंद सांगितली व्हती," ते म्हणाले. "ती वीज ऊन समजायची का आग, हे मला काय ठावं? कुणी बोललंच न्हाय दवाखान्याचं." मग जरा थांबून म्हणाले, "बेटी, बरं झालेलं माणूस नारळ घेऊन येतंय. न्हाय झालेलं येतंय का? कोण सांगायला येणार मला? न बोलायचं म्हणून म्याच सांगून बसलोय." त्यांनी नारळ आत्याबाईंच्या ओटीत परत ठेवला. त्या घेईनात तर म्हणाले, ठेव, मला आता कळंना हा कशाचा.

त्यानंतर ते औषध देण्याआधी दवाखान्याचं विचारायचे, असं ऐकलं. खरं-खोटं मी पाहिलेलं नाही.

आत्याबाई पुढं चार वर्षं चांगल्या होत्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हातांवर वाढली. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पाठीच्या कण्यात दुखायला लागलं. सोलापूरला नेलं. डॉक्टर तेच होते, आणखी थकलेले. त्यांनी तपासलं, आणि या वेळी मी "आणि न्हाई झालं तर?" असं विचारलं नाही.

चार वर्षं एक प्रश्न मी मनात धरून होते. विचारायची हिंमत झाली नव्हती, ही माझ्यासारखीची गोष्ट. त्या शेवटच्या महिन्यात एका दुपारी मी त्यांची पाठ शेकत होते, तेव्हा तो तोंडातून निसटला.

"आत्याबाई, मी तवा सांगितलं नसतं, तर तुम्ही कायमच्या बऱ्या झाल्या असतात, असं वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी मान भिंतीकडं वळवली. मला वाटलं भिंतीला सांगतील.

"म्या पहिली दोन सालं तेच म्हणायची मनात," त्या म्हणाल्या. "सुनेनं गुण घालवला." मग कुशीवर वळून माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं व्हतं न्हवं, म्या मेले तर तुझ्यावर येईल? सगळं घर तुलाच बोललं असतं."

"व्हय."

"भ्याली न्हाईस?"

"लई भ्याले."

"मग का सांगितलंस?"

इतके दिवस मी या प्रश्नाची उत्तरं जुळवली होती. विजेचं, फोडांचं, डॉक्टरांनी काय सांगितलं त्याचं. ती सगळी मी तशीच राहू दिली.

"तुम्ही पायजे व्हता मला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातलं शेकायचं फडकं काढून घेतलं, बाजूला ठेवलं, आणि माझा हात तसाच धरून पडून राहिल्या.